एकतीस नंबरची बाई

१

सोमवारी सकाळी वसुधाताई घाटपांडे चहाचं भांडं विसळत होत्या, तेवढ्यात डॉ. जयंत आठल्यांचा फोन आला.

“ताई, प्रयोगशाळेत चोरी झालीय.”

“काय गेलं?”

पलीकडे जयंत जरा घुटमळला. मग म्हणाला, “शौचाचे नमुने. तीन नळ्या.”

वसुधाताईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. जयंतच्या आवाजात हसण्यासारखं काही नव्हतं.

चंदीगडच्या एका मोठ्या रक्तपेढीत तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. यजमान एअरफोर्समधून निवृत्त झाले तेव्हा दोघांनी शेजारच्या पंचकुल्यातच घर केलं. जयंतच्या संशोधन केंद्रात माणसांवर होणाऱ्या प्रयोगांवर लक्ष ठेवणारी एक समिती होती आणि वसुधाताई तिच्या सदस्य होत्या. त्यामुळे गाजावाजा न करता काही पाहायचं असलं की फोन त्यांनाच यायचा.

तासाभरात त्या केंद्रावर पोचल्या. प्रयोग त्यांना ठाऊक होताच, समितीने मंजुरी दिली होती. वजन फार वाढलेल्या साठ बायका. निम्म्यांना कुटकी-आवळ्याचं कडू चूर्ण आणि निम्म्यांना दिसायला-चवीला हुबेहूब तसंच, पण औषध नसलेलं. कुणाला कुठलं, ते बायकांनाही माहीत नाही आणि देणाऱ्यांनाही नाही. ती यादी समितीच्या कपाटात, बंद पाकिटांत. बारा आठवड्यांत वजन किती उतरतं आणि आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती कशी बदलते, हे पाहायचं होतं. त्यासाठी प्रत्येकीचे चार नमुने: सुरुवातीचा, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याचा.

“शुक्रवारी दुपारी दोनशे चाळीस नळ्या मोजल्या होत्या,” जयंत म्हणाला. “आज सकाळी तपासणीला पाठवायच्या म्हणून फ्रीझर उघडला, तर दोनशे सदतीस. तिन्ही एकाच बाईच्या. एकतीस नंबर.”

“तिच्या चार हव्या होत्या ना?”

“पहिली जागेवर आहे. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याची गेली. आणि ताई, एकतीस नंबर म्हणजे आमचा हिरा! अकरा किलो उतरलीय ती. दुसरी कुणी पाचाच्या पुढे गेली नाही.”

“संशय कुणावर?”

जयंतने मान खाली घातली. “कुलपाच्या किल्ल्या चौघांकडे. मी, वल्लरी, प्रतीक आणि रघुवीर. शनिवारी केंद्र बंद होतं. रविवारी फ्रीझरचं तापमान बघायला फक्त रघुवीर आला होता, रजिस्टरमध्ये त्याचीच सही आहे. तो कंत्राटावरचा मदतनीस. शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर त्याला काढायचं, असं ऑफिसने ठरवलंय.”

“उलगडा झाला नाही तर काढायचं?” वसुधाताई म्हणाल्या. “वा रे न्याय.”

२

त्यांनी आधी फ्रीझर पाहिला. उणे ऐंशी अंशांचं ते धूड उघडलं की पांढरी वाफ तोंडावर येई. नळ्या बायकांप्रमाणे नव्हे तर आठवड्यांप्रमाणे चार खोक्यांत लावलेल्या, झाकणांवर मुंगीएवढे आकडे. चोराने तीन खोक्यांतून नेमकी एकेक नळी उचलली होती, बाकी एकीलाही धक्का लागलेला नव्हता.

प्रतीक सैनी हा अंबाल्याचा तरुण सगळी आकडेवारी सांभाळायचा. तो चिडलेलाच होता. “मैडम, मला नळ्या चोरून काय मिळणार? आकडे बदलायचे असते तर खुर्चीवर बसून बदलले असते!”

“बायकांच्या जेवणाच्या नोंदी कोण भरतं?”

“बायका फोनवरून सांगतात, वल्लरी मैडम कम्प्युटरवर भरतात. वजनही त्याच घेतात. पण पासवर्ड माझ्याकडे आणि सरांकडेही आहे.”

वल्लरी कुंभोजकर ही सांगलीची मुलगी, जयंतच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकांचं सारण ढवळायला दरवर्षी वसुधाताईंच्या शेजारी तीच असायची. मोठ्या बांध्याची, मोठ्याने हसणारी. आज मात्र तिचा चेहरा ओढलेला होता. पांढरा कोट अंगाभोवती दुमडून तिने पट्टा आवळून बांधला होता.

“केवढी वाळलीस गं!”

“सुखना तलावाला रोज फेरी मारते, काकू.” ती हसली, पण डोळे हसले नाहीत. “रघुवीरजींना खरंच काढतील का?”

“तुला काय वाटतं, त्यांनी केलं असेल?”

“नाही,” ती पटकन म्हणाली. “मुळीच नाही.”

“मग कुणी केलं असेल?”

ट्रेमधल्या रिकाम्या नळ्या ती पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

रघुवीर पन्नाशीचा, उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा. अकरा वर्षं या केंद्रात. स्टुलाच्या कडेवर अंग चोरून बसला. वसुधाताईंनी त्याला साधाच प्रश्न केला, “रघुवीरजी, इतवार को आपने क्या-क्या काम किया?”

“कोई नहीं आया था, मैडमजी.”

वसुधाताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. कोण आलं होतं, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

३

वसुधाताईंनी आणखी दोनदा विचारून पाहिलं, पण रघुवीर बधला नाही. “नौकरी जाती है तो जाए,” एवढं म्हणून तो उठला.

त्या रात्री जेवताना वसुधाताईंचं लक्ष ताटात नव्हतं. चोरीच्या नळ्या विकून कुणाला दमडी मिळणार नव्हती. म्हणजे त्या नळ्यांमध्ये जे कळण्यासारखं होतं, ते कुणाला तरी कळू द्यायचं नव्हतं. मग पहिली नळी का सोडली? चोराला तिची भीती नव्हती म्हणून. पहिल्या नमुन्यानंतर आणि चौथ्या आठवड्याच्या आत काहीतरी घडलं होतं.

आणि चोरी आताच का? चौथ्या आठवड्याची नळी तर दोन महिने तिथेच होती.

सकाळी त्यांनी जयंतला फोन केला. “शुक्रवारी नळ्या मोजल्या त्या दिवशी नवीन काही ठरलं होतं का?”

“विशेष काही नाही. हो, एक... प्रयोग सुरू व्हायच्या आधी पद्धत तपासायला आम्ही चौघांनी आपापले नमुने दिले होते. तेही याच खेपेत पाठवू, असं मी शुक्रवारी सगळ्यांना सांगितलं. ताडून बघायला बरं पडतं.”

“जयंत, जिवाणूंवरून माणूस ओळखता येतो?”

“नाव नाही कळत. पण प्रत्येकाच्या आतड्यातली वस्ती वेगळी असते, जवळजवळ बोटाच्या ठशासारखी. एकाच माणसाचे दोन नमुने शेजारी ठेवले तर बहुतेक वेळा जुळतात.”

वसुधाताईंनी फोन ठेवला आणि पर्स उचलली. एकतीस नंबरच्या बाईंना भेटल्याशिवाय आता गत्यंतर नव्हतं. समितीच्या कागदांत नाव-पत्ता होता: सुदेश राणी, वय एकोणपन्नास, सेक्टर २२.

बाजाराच्या मागच्या गल्लीत, शिवणकामाच्या दुकानावरचा पहिला मजला. अरुंद जिना. जाळीच्या दारावर त्यांनी टकटक केली. आतून “आयी जी, आयी” असा खणखणीत आवाज आला, जमिनीवर जड पावलं वाजली आणि दार उघडलं.

वसुधाताई पायरीवरच थबकल्या. दारातल्या बाईंनी सगळी चौकट भरून गेली होती.

अकरा किलो उतरलेली बाई ही नव्हती.

४

“वो दवाई वाला काम?” सुदेश राणींनी त्यांना बसवून आधी पाणी दिलं, मग खळखळून हसल्या. “जी, वो तो मैंने कब का छोड़ दिया!”

दोन आठवडे त्यांनी चूर्ण घेतलं होतं. मग लुधियान्याला मुलीचं बाळंतपण अवघड होऊन बसलं. एका बॅगेनिशी त्या धावल्या, त्या आत्ता गेल्या आठवड्यात परतल्या. जाताना वल्लरीला फोन केला होता. “वो बेटी बोली, आंटी, आप बेटी को देखो, बाक़ी मैं लिख दूँगी.” उरलेल्या पुड्यांचा डबा रघुवीर येऊन घेऊन गेला होता.

“त्यानंतर तुमचं वजन कुणी केलं? नमुना कुणी घेतला?”

“लुधियाने में?” सुदेश राणी पुन्हा हसल्या. “वहाँ तो जी, मैं बच्चे को ही तोलती रही!”

जिना उतरताना वसुधाताई मनाशी हिशेब मांडत होत्या. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एकतीस नंबरची बाई प्रयोगातून गेली होती. तरी तिचं वजन उतरत होतं, तिच्या जेवणाच्या नोंदी होत होत्या आणि तिच्या नावाच्या नळ्या भरत होत्या. आकडे बसल्या जागी रचता येतात, हे प्रतीकचं म्हणणं खरं. पण नळ्या भरायला हाडामांसाचा माणूस लागतो. तो कोण?

घरी येऊन त्यांनी एकतीस नंबरच्या जेवणाच्या नोंदी मागवल्या आणि चष्मा लावून बसल्या. पोळ्या, डाळ, दही, दुधी. कुठे थालीपीठ नाही, आमटी नाही. लिहिणारा सावध होता. दोनदा वाचून हाती काही लागलं नाही. तिसऱ्यांदा वाचताना त्या वारांकडे पाहू लागल्या.

जुलैतला सोमवार, चौदा तारीख: उपवास. बरोबर, इथला सावन सुरू झाला होता आणि सुदेश राणींनी पहिला सोमवार धरला होता. पुढचा सोमवार, एकवीस तारीख: दुपारी राजमा-चावल. नंतर मात्र पुन्हा सलग चार सोमवार उपवास, फळं, दूध आणि मखाणे.

वसुधाताईंनी कॅलेंडर काढलं. शेवटचे दोन उपवास अकरा आणि अठरा ऑगस्टला होते. राखी होती नऊ ऑगस्टला.

लग्न होऊन उत्तरेत आल्या त्या वर्षीची फजिती त्यांना आठवली. शेजारणींचे सावनचे सोमवार राखीला संपले, तेव्हा वसुधाताईंचा श्रावण जेमतेम अर्धा झाला होता. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. राखीनंतर सोमवार धरणारी बाई या गल्ल्यांतली असूच शकत नव्हती.

एकतीस नंबरची बाई मराठी होती.

५

या प्रयोगाच्या कागदांना हात लावणारी मराठी माणसं दोनच होती. त्यातला जयंत श्रावणी सोमवारी नाश्त्याला ऑम्लेट खाई, आणि ज्या नंबरावर त्याचा सगळा आनंद उभा होता त्याच्या नळ्या तो कशाला पळवील?

गुरुवारी संध्याकाळी वसुधाताई सुखना तलावावर गेल्या. फिरणाऱ्यांच्या गर्दीत वल्लरी भरभर चालताना दिसली. त्या काही न बोलता तिच्या बरोबरीने चालू लागल्या. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, “सोमवार कोण करायचं गं तुमच्याकडे?”

“आई. मीही करते, सवयीनं,” वल्लरी म्हणाली, आणि तिची पावलं थांबली. तिने वसुधाताईंच्या तोंडाकडे पाहिलं. विचारायचं काही उरलं नाही.

पाण्याकाठच्या बाकावर ती मटकन बसली. “तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“परवा दुपारपासून. सुदेश राणींना भेटून आले. पहिली नळी तू सोडलीस, कारण ती त्यांची होती. बाकीच्या तिन्ही तुझ्या. एवढ्यानं तू घाबरली नसतीस. पहिली आणि दुसरी जुळली नाही तर औषधानं वस्ती बदलली, असं म्हणता आलं असतं. पण शुक्रवारी जयंत म्हणाला की तुमचेही नमुने पाठवायचे. मग एकतीस नंबरची बाई नेमकी वल्लरी कुंभोजकरशी जुळली असती.”

वल्लरीने ओढणीत तोंड लपवलं. वसुधाताईंनी तिला रडू दिलं.

“मी चौऱ्याण्णव किलोची होते, काकू,” ती डोळे पुसत म्हणाली. “दिल्लीच्या परिषदेत मी लठ्ठपणावर निबंध वाचला. प्रश्नोत्तरांत एक मोठे डॉक्टर म्हणाले, विषय छान आहे, बाईंनी उदाहरणही सोबत आणलंय. सगळं सभागृह हसलं. सरसुद्धा थोडंसं हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?”

“आणि मग हा डबा आला.”

“रघुवीरजींनी टेबलावर आणून ठेवला. परत जमा करायचा होता. चार दिवस तसाच पडून होता. एका दुपारी मी एक पुडी फोडली. वाटलं, एकच. मग रोज. एकतीस नंबरची जागा रिकामी होतीच. सुदेश आंटी गेल्याची नोंद मी केली नव्हती. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिले. वजन उतरायला लागलं तसं मला ती नोंद करवेना. पहिल्यांदाच कुठल्यातरी तक्त्यात मी सगळ्यांच्या पुढे होते.”

“रविवारी रघुवीरनं तुला आत घेतलं.”

“मी सांगितलं, काहीतरी राहिलंय. सही न करताच गेले. सोमवारी त्यांचं नाव आलं तेव्हा मी त्यांच्याकडे गेले होते. म्हणाले, आप पढ़ाई पूरी करो. माझ्यासाठी त्यांनी...”

“त्यांच्यावर आळ येऊन चार दिवस झाले, वल्लरी.” वसुधाताईंचा आवाज मऊच होता, पण त्यात माघार नव्हती. “तुझं दुःख मला कळतं. ते हसणारे सगळे मला भेटले तर एकेकाला सुनावीन. पण त्या दुःखाची किंमत त्या माणसानं का द्यायची? उद्या शुक्रवार आहे. मी सांगू शकते. तू सांगितलंस तर बरं.”

“नळ्या मी फेकल्या नाहीत,” वल्लरी म्हणाली. “वरच्या मजल्यावरच्या फ्रीझरमध्ये आहेत. घेऊन गेले होते टाकायलाच, पण नमुना आहे हो तो. हात झाला नाही.”

“उद्या बरोबर घेऊन ये.”

६

शुक्रवारी अकरा वाजता समितीसमोर वल्लरी उभी राहिली. हातात बर्फाचा डबा होता. तिने कागद आणला नव्हता. सुरुवात तिने रघुवीरच्या नावानेच केली: त्यांनी काही घेतलं नाही, घेतलं ते मी. मग पहिल्या पुडीपासून रविवारपर्यंत सगळं सांगितलं. दाराशी उभा असलेला रघुवीर पंचाने डोळे पुसत होता.

प्रतीकने अविश्वासाने मान हलवली. जयंतने डब्यातल्या तिन्ही नळ्यांवरचे आकडे वाचले. मग म्हणाला, “अकरा किलो उतरलेल्या बाईला मी एकदाही डोळ्यांनी पाहिलं नाही. आकडा चांगला होता, म्हणून पाहावंसं वाटलं नाही.” आणि खाली बघत पुढे म्हणाला, “आणि दिल्लीत मी हसायला नको होतं.”

वल्लरीने दहा आठवडे काय गिळलं, ते तिच्या तब्येतीसाठी कळणं आवश्यक होतं. समितीने एकतीस नंबरचं पाकीट फोडलं. वसुधाताईंनी आतली चिठ्ठी वाचली आणि तिच्या हातात दिली.

औषध नसलेलं चूर्ण.

“म्हणजे मी काहीच घेत नव्हते?” वल्लरी पुटपुटली.

रोजच्या फेऱ्या, मोजून लिहिलेला घास न् घास आणि आपण कुणाच्या तरी नजरेत आहोत ही जाणीव, यातलं कशानं किती उतरलं, ते त्या खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

निर्णय कडक झाला. रघुवीरचं नाव त्याच दिवशी स्वच्छ झालं, आणि रजिस्टरवर सही न घेता आत सोडल्याबद्दल त्याला एक ताकीदही मिळाली. ती त्याने आनंदाने घेतली. वल्लरीला वर्षभर माणसांवरच्या कुठल्याही प्रयोगापासून दूर राहायचं होतं आणि प्रबंधाचा विषय बदलायचा होता. एकतीस नंबर आकडेवारीतून वगळला गेला. पुढे बाकीच्या पाकिटांचा हिशेब लागला, तेव्हा कुटकी-आवळ्याने फरक पडतो, पण अगदी थोडा, असं दिसलं. जिवाणूंची वस्ती मात्र खरोखरच बदलली होती. वल्लरीच्या अकरा किलोंनी बिनऔषधाच्या गटाचं पारडं एवढं जड केलं होतं की तो थोडका फरक साफ झाकला गेला असता. जयंतने छापायला पाठवलेल्या निबंधात एकतीस नंबरचा हा सगळा प्रकार एका परिच्छेदात, काही न लपवता लिहिला.

एक काम उरलं होतं. सुदेश राणींनी प्रयोग सोडल्याच्या कागदावर त्यांची सही हवी होती, आणि त्यांच्या नावावर काय झालं ते त्यांना कळायला हवं होतं. समितीने ते वसुधाताईंवर सोपवलं. वल्लरी म्हणाली, “मीही येते. मलाच सांगू दे.”

सेक्टर २२ च्या त्या खोलीत तिने अडखळत, हिंदीत, पुन्हा एकदा सगळं सांगितलं. सुदेश राणी ऐकत राहिल्या. मग त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

“पतली तो हो गई. पर कमली, पगली कहीं की, रोज़ रोती भी थी?”

वल्लरीने मानेनेच होकार दिला. सुदेश राणींनी चष्मा शोधला, कागद वाचला आणि ठसठशीत अक्षरांत सही केली. मग पेन परत देताना त्यांना काहीतरी सुचलं.

“अगली बार ऐसी दवाई आए तो मेरा नाम फिर लिखना. पर तोलना तू ही.”

“साल भर मुझे किसी को तोलने की इजाज़त नहीं है, आंटी.”

“तो साल भर रुक जाऊँगी,” सुदेश राणी म्हणाल्या. “मेरा वज़न कहीं भागा थोड़े ही जा रहा है!”

त्यावर वसुधाताईंना हसू आवरलं नाही. आणि त्यांच्या शेजारी, किती तरी दिवसांनी, वल्लरी मोठ्याने हसली.